ज्याचं त्यानं उभं राहावं

चुकीचा मुलगा उभा राहिला. तोही कसा, तर माझं वाचन पुरं व्हायच्या आत, खुर्ची मागे सरकवून, हात पँटीच्या शिवणीला चिकटवून, कवायतीला उभं राहावं तसा. मी व्यासपीठावर, हातात कागद, नाकावरून घसरलेला चष्मा, आणि समोर सगळं सभागृह टाळ्यांसाठी हात उचलून थांबलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं आणि कागद माझ्या मुलाचा होता. माझा मुलगा तिसऱ्या रांगेत, भिंतीपासून दुसऱ्या खुर्चीत, हाताची घडी घालून बसला होता आणि उभ्या राहिलेल्या मुलाकडे मान वळवून बघत होता. मग टाळ्या पडल्या. पहिली टाळी माझ्या मुलानं वाजवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप देताना एक रीत पाळतात. प्रत्येकाबद्दल एक परिच्छेद लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा, पण नाव घ्यायचं नाही. ज्याला वाटेल की हे आपलं आहे, त्यानं उभं राहायचं, आणि एकदा उठलं की शेवटपर्यंत उभंच राहायचं. म्हणजे कार्यक्रम संपताना सगळा वर्ग उभा असतो आणि मुख्याध्यापकांना 'आता निघा' एवढंच म्हणायचं उरतं. ही रीत माझ्या आधीच्या, भाषेच्या बाईंनी पाडली. त्याआधी नावं घेऊन वाचत असत, आणि गावातल्या डॉक्टरच्या मुलाला जेवढ्या टाळ्या पडत तेवढ्या पोस्टमनच्या मुलीला पडत नसत. बाई म्हणाल्या, नावच काढून टाका, ज्याचं त्यानं उभं राहावं. त्या निवृत्त झाल्या आणि हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी भूगोल शिकवते. नकाशे वाचणाऱ्या बाईला बारीकसारीक दिसत असणार, असा मुख्याध्यापकांचा समज. मी नाही म्हणून पाहिलं, पण नाही म्हणायला मला नेहमीच उशीर होतो. पुढे त्याची गोडी लागली. मार्कांबद्दल लिहायचं नाही, आईवडिलांच्या धंद्याबद्दल लिहायचं नाही, हसं होईल असं लिहायचं नाही, हे सोपं. अवघड एवढंच की दुसऱ्या कुणाला लागू पडेल असं काही लिहायचं नाही. 'होतकरू', 'मनमिळाऊ', 'कष्टाळू' या शब्दांना मी घराची पायरी चढू देत नाही. मूल उभं राहिलं की मी पास, असा माझा हिशेब. इतक्या वर्षांत मी एकदाही नापास झाले नव्हते, आणि त्याचा मला थोडा माजही होता.

त्या सकाळीही सगळं सुरळीत चाललं होतं. सुरुवातीला भोंगा. ही आमची सकाळच्या सूचना देणारी मुलगी. हिला माइक लागत नाही, उलट माइकलाच ती सोसत नाही. तिच्याबद्दल मी लिहिलं होतं की ही आजारी पडली त्या आठवड्यात शाळेत कुणालाच काही कळत नव्हतं आणि तरी सगळं वेळेवर झालं, कारण आता भोंगा काय म्हणाली असती ते सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या ओळीलाच ती ताडकन उठली आणि 'मीच' म्हणाली, ते बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं असणार. मग बेकरीवाल्यांची मुलगी. पहाटे भट्टीपाशी उभी राहून येते, भुवईला पीठ तसंच असतं, पहिल्या तासाला हमखास पेंगते. धंद्याबद्दल लिहायचं नसल्यामुळे पीठ गाळावं लागलं. मी लिहिलं की ही झोपेतसुद्धा कोन बरोबर मोजते. एकदा गणिताच्या सरांनी फळ्यावर चूक केली तेव्हा हिनं डोळे न उघडता 'सर, साठ' म्हटलं आणि परत मान टाकली. ती उठली तीही जांभई देत. गणिताचे सर सगळ्यांत जास्त हसले. 'उद्या' नावानं प्रसिद्ध असलेला मुलगा अजून बसलेला होता. त्याला कुठलीही वही मागा, उत्तर एकच. त्याचा कागद मी मुद्दाम सगळ्यांत खाली ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की याचा उद्या हा खरा उद्या असतो, तो येतोच, आणि आपल्यापैकी किती जणांच्या उद्याबद्दल असं म्हणता येईल. ही मुलं जातील आणि जूनमध्ये त्याच बाकांवर दुसरी येऊन बसतील, हे मला माहीत आहे. तरी लिहिताना दर वर्षी वाटतं, की अशी पुन्हा व्हायची नाहीत. आणि होतही नाहीत.

पण या वर्षी त्यांत आमचं ध्यान होतं. मुलाला आईच्या शाळेत घालू नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. पण गावात दुसरी शाळा असती तर घातलं असतं ना. पहिल्या दिवशी जिन्यात मी त्याला म्हटलं, "शाळेत बाई म्हणायचं हं." त्यानं मान हलवली आणि मन लावून पाळलं. इतकं पाळलं की घरीही त्याची पंचाईत व्हायला लागली. बाई म्हणवेना, आई म्हणायची सवय मोडलेली. मग तो काहीच म्हणेनासा झाला. 'अगं, मीठ दे.' 'ऐक ना, किल्ली कुठंय.' दुसऱ्या खोलीतून हाक मारायची असली की उठून यायचा आणि समोर उभा राहून बोलायचा. वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'बाईंचा'. बाईंचा आला, बाईंचा आउट झाला, पास दे बाईंच्याला. तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. लहानपणी हाच मुलगा घराच्या शेवटच्या चार पायऱ्या मुद्दाम धपाधप चढायचा, मला कळावं म्हणून, आणि दार उघडेपर्यंत बाहेर खुसखुसत थांबायचा. माझ्या वर्गात आला तसा हळूहळू पावलं न वाजवता यायला लागला. मांजर येतं तसा यायचा. दप्तर ठेवल्याचासुद्धा आवाज नाही. तरी मला कळायचं. कसं, ते मला सांगता येणार नाही. जिन्यातली हवा बदलायची म्हणा. आता तो दुसऱ्या गावी शिकायला जाणार, वसतिगृहात राहणार, तिथल्या जिन्यात कसा चढतो ते कुणाला कळणार नाही. आणि जाण्याआधी माझ्या हातून त्याला मिळणार होता तो हा एक परिच्छेद. चार माणसांसमोर वाचलेला, बाई म्हणून लिहिलेला, ज्यात मी त्याची आई आहे हे एका शब्दानं दिसता कामा नये, आणि ज्यावर तो उभा राहिला पाहिजे.

मी त्याचा कागद सगळ्यांत आधी लिहायला घेतला आणि सगळ्यांत शेवटी संपवला. लिहिलं ते सगळं घरचं निघे. तापात तो भिंतीवरच्या डागांना नावं द्यायचा ते, दुधाचा दात त्यानं वडिलांच्या गोळ्यांच्या बाटलीत लपवला होता ते. शाळेतलं आठवायला जावं, तर पाच वर्षं मी वर्गात त्याच्याकडे बघायचं टाळलेलं. पक्षपात नको म्हणून. बाकीच्या पोरांच्या नखांतली शाई मला आठवते आणि हा कुठल्या हातानं फळ्यावर डस्टर फिरवतो ते आठवेना. नवरा औषधांच्या दुकानाचा दिवसाचा गल्ला आटपून टेबलापाशी येऊन बसला. माझे खोडलेले कागद बघून म्हणाला, "मी लिहू का? 'हा मुलगा मोजे उलटे काढतो आणि उलटेच घालतो, त्यामुळे शेवटी सगळं सुलट होतं.'" मी म्हटलं, "चेष्टा नको. तो उठला नाही तर?" "नाही उठला तर बसेल," तो म्हणाला. "पाय दुखायचे नाहीत." मग माझं तोंड बघून म्हणाला, "अगं, तुला काय वाटतं ते लिही. तो काय परका आहे." हीच तर अडचण होती. परका असता तर मी एका बैठकीत लिहून मोकळी झाले असते.

शेवटी लिहिलं ते असं. 'याला उत्तर येत असतं तेव्हाही हा आधी शेजारच्याकडे बघतो. शेजारच्याला येत असेल तर त्याला बोलू देतो. हा भिंतीच्या कडेनं चालतो, म्हणजे घाईत असलेल्यांना मधली वाट मोकळी मिळते. याला हसू उशिरा येतं, सगळ्यांचं हसून झाल्यावर, पण आलं की लवकर जात नाही. शाळा सुटली की हा रमतगमत घरी जातो. घरी कुणीतरी याच्या चाहुलीकडे कान लावून बसलेलं असतं. याला ते माहीत आहे, म्हणून तर रमतगमत जातो. वाट बघणारं कुणी असलं की घाई करावी लागत नाही.' कान लावून बसलेलं असतं, इथपर्यंत मी आले आणि इस्त्री उभा राहिला.

इस्त्री म्हणजे लाँड्रीवाल्यांचा भाचा. आईवडील नाहीत, मामाकडे वाढला. याचे कपडे वर्षभर इतके कडक की पोरांनी दुसरं नाव शोधायचे कष्ट घेतले नाहीत. पहिल्या बाकावर, अगदी माझ्या टेबलाला टेकून बसायचा आणि तरी दिसायचा नाही, असा मुलगा. त्याचा कागद मला अवघड गेला होता आणि तो गठ्ठ्यात तळाशी, 'उद्या'च्या बरोबर वर होता. तो आता उभा राहून माझ्या मुलाचं वाक्य अंगावर घेत होता. मला बोलता आलं असतं. पूर्वी एकदा दोघी चुलतबहिणी एकाच कागदावर उठल्या होत्या आणि मी हसत हसत म्हटलं होतं, "थोरली खाली बस, तुझं यायचंय." सगळे हसले होते, ती पण हसली होती. तसंच आता म्हणता आलं असतं. शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. पण मी इस्त्रीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काही शंकाच नव्हती. भोंगा उठली तेव्हा तिच्या तोंडावर होती तशी गंमतही नव्हती. आपल्याला कुणी पाहिलं आहे हे माणसाला कळतं आणि ते त्याला खरं वाटतं, तेव्हा तोंड कसं होतं, ते मी तेव्हा पाहिलं. आणि सगळ्यात मागच्या रांगेत त्याचा मामा. बाकीचे पालक टाळ्या वाजवत होते आणि हा माणूस मांडीवर हात ठेवून नुसती मान हलवत होता, बरोबर आहे, बरोबर आहे, अशी. मग मी चष्मा वर ढकलला आणि उरलेली दोन वाक्यं त्या मुलाकडे बघून वाचली. 'वाट बघणारं कुणी असलं की घाई करावी लागत नाही.' कागद पालथा घातला. माझ्या मुलाचा परिच्छेद मी माझ्या हातानं दुसऱ्याला दिला.

आता माझ्या मुलाला काय? पुढचा कागद माझ्या हातात होता, तोंड वाचत होतं, आणि डोकं दुसरीकडे धावत होतं. मला नवीन काहीतरी लिहायला हवं होतं, तोंडातल्या तोंडात, एका परिच्छेदात, आत्ता. हा मुलगा. हा मुलगा काय? हा मुलगा तापात भिंतीवरच्या डागांना नावं देतो. नको. हा मुलगा मोजे. छे. इकडे मी वाचत होते की ही मुलगी भांडण सोडवायला जाते आणि तिसरी बाजू घेऊन परत येते, आणि लोक हसत होते, आणि एक मुलगी उठत होती, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त खुर्च्या दिसत होत्या. एकेक खुर्ची रिकामी होत होती. माझ्या मुलाच्या डावीकडचा उठला. मग समोरची. मग उजवीकडचा, आणि आता आमचं ध्यान उभ्या राहिलेल्यांच्या मधोमध, त्यांच्या कमरेइतकं, बसलेलं. त्यानं हाताची घडी सोडली होती आणि बोटं गुडघ्यांवर ठेवली होती. लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे तो असाच बसायचा. मला वाटलं, याला कळलंय. याला पहिल्या ओळीलाच कळलं होतं की ते त्याचं आहे, आणि कुणी दुसराच उठला तेव्हा त्यानं टाळी वाजवली, आणि आता तो बघतोय की आई काय करते. किंवा कळलेलं नाही, म्हणजे त्याला वाटतंय की त्याचं अजून यायचंय. दोन्हींतलं कुठलं वाईट ते मला ठरवता येईना. नवऱ्याकडे पाहिलं. तो लाँड्रीवाल्यांच्या शेजारीच बसला होता आणि त्यांच्याशी काहीतरी बोलत होता, आनंदात होता. या माणसाला कधी काही कळत नाही, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्याचा हेवा वाटला.

मग दोनच खुर्च्या उरल्या आणि दोनच कागद. 'उद्या' आपल्या खुर्चीत आरामात पसरला होता. आपला नंबर शेवटचा हे त्याला न सांगता माहीत होतं. म्हणजे आता वाचायचा तो इस्त्रीचा कागद, आणि उठायचं होतं माझ्या मुलानं. सगळ्या सभागृहाला ते कळत होतं. कुणीतरी मागून हळूच 'बाईंचा' म्हटलं आणि दोघेतिघे हसले. मी कागद उलगडला. पहिली ओळ होती, की हा आला नाही त्या दिवशी खिडक्यांच्या कड्या लागत नाहीत आणि झडपा दिवसभर आपटतात. ती वाचता येणार नव्हती. खिडक्या कोण लावतो ते सगळ्यांना माहीत. दुसरी ओळ पृथ्वीच्या गोलाबद्दल होती. हा मुलगा माझ्या तासाला कपाटातून गोल आणून टेबलावर ठेवतो आणि ठेवताना नेहमी समुद्राची बाजू वर्गाकडे करतो. तीही गेली. दोन्ही ओळी मी मनात खोडल्या आणि जे उरलं ते वाचायला लागले. कागद टेबलावर सपाट ठेवला.

'हा रोज माझ्यासमोर असतो,' मी वाचलं. 'समोर असलेल्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं. खरं तर याच्याबद्दल आम्हाला फार थोडं माहीत आहे.' माझा आवाज मलाच अनोळखी वाटायला लागला. मी हे दोन आठवड्यांपूर्वी एका दुसऱ्या मुलाबद्दल लिहिलं होतं, थोडी हार पत्करून लिहिलं होतं, कारण त्या मुलाचं काही हाती लागत नव्हतं. आता एकेक शब्द तोंडातून बाहेर पडत होता आणि मला कळत होतं की पाच वर्षं मला हेच म्हणायचं होतं. 'यानं ते लपवलेलं नाही, फक्त दाखवलेलं नाही. सगळं शाळेला दाखवायचं नसतं. जे याचं आहे ते याच्यापाशीच राहू दे. आम्ही विचारणार नाही.' मी वर पाहिलं. माझा मुलगा माझ्याकडे बघत होता. वर्गात पाच वर्षं आम्ही दोघांनी जे टाळलं ते तो आता सरळ करत होता. त्याची भुवई आधी वर गेली. आणि मग सगळ्यांचं बघून झाल्यावर, उशिरा, त्याला हसू आलं, आणि तो उठला. सावकाश उठला, खुर्ची न वाजवता. टाळ्या पडल्या तेव्हा त्यानं इस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. का, ते मला ठाऊक नाही. मला वाटतं, जवळ होता म्हणून. मी 'उद्या'चा कागद काय वाचला ते मला आठवत नाही. तो नीट वाचला असणार, कारण 'उद्या' म्हणाला, "बाई, मी उद्या उठलो तर चालेल?" आणि हसण्यात कार्यक्रम संपला. मी खाली उतरले तेव्हा माझे पाय खरोखर हलके झाले होते, जिना चढून आल्यावर पिशवी खाली ठेवली की हात होतात तसे.

चहाच्या टेबलापाशी लाँड्रीवाले मामा मला गाठायला थांबले होते. इस्त्री केलेला सदरा, हातावर जुन्या चटक्यांच्या खुणा. "बाई," ते म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "काय?" "मी दुकान बंद करतो पण तो येईपर्यंत एखादा शर्ट राखून ठेवतो हो. नुसतं बसलो असं दिसायला नको. सायकलची घंटी वाजली की मग इस्त्रीचं बटण बंद. हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही." त्यांना हे बोलताना लाज वाटत होती आणि बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं. मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "कळतं हो मामा." आणि बोलताना माझ्या लक्षात आलं की मी खोटं बोलत नाहीये. मी जे लिहिलं होतं ते त्याच्याबद्दलही होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाला लागू पडेल असं काही लिहायचं नाही, असा एवढा मोठा नियम मी करून बसले होते. भाषेच्या बाई असत्या तर मला हसल्या असत्या.

सभागृह रिकामं व्हायला लागलं तेव्हा इस्त्री सवयीनं खिडक्यांच्या कड्या लावत फिरत होता. निरोप झाल्यावरसुद्धा. त्याचं खोडलेलं काहीतरी त्याला द्यायला हवं होतं, म्हणून मी त्याच्यापाशी गेले आणि विचारलं, "तू गोल ठेवताना समुद्र का रे पुढे करतोस?" तो जरा चपापला. मग म्हणाला, "जमीन पुढे ठेवली की सगळे आधी आपलं गाव शोधत बसतात बाई. तुमची पाच मिनिटं जातात." आणि पुढच्या खिडकीकडे गेला. मी तिथंच उभी राहून हसले. इतक्या वर्षांत माझा तास वाचवायचा एवढा विचार मुख्याध्यापकांनीसुद्धा केला नव्हता.

आमचं ध्यान खुर्च्या एकावर एक रचत होतं. मी जवळ गेले तसा तो रचायचा थांबला. मग तोच म्हणाला, "शेवटचं जे होतं ना, राहू दे म्हणून, ते बरं होतं."

"आवडलं?"

"हो." त्यानं एक खुर्ची उचलली आणि परत ठेवली. "खरं सांगू का, मी घाबरलो होतो. ते चाहुलीचं वाचायला लागलीस ना, मला वाटलं हे माझंच आहे. कान लावून बसलेलं वगैरे. म्हटलं, आता सगळ्या वर्गासमोर उठायचं या वाक्यावर. मनात अर्धा उठलोच होतो. तेवढ्यात इस्त्री उठला आणि माझा जीव भांड्यात पडला."

मला आत कुठेतरी लागलं, नाही असं नाही. एक महिना घालवलेला परिच्छेद, आणि तो दुसऱ्यानं उचलला म्हणून याचा जीव भांड्यात. पण ते लागणं पुरतं लागायच्या आत मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. मला रचलेल्या खुर्च्यांना धरावं लागलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला, उशिरा, सगळं हसून झाल्यावर. जे आपलं म्हणून उठायची लाज वाटते, ते आपलंच असतं ना. त्याला ते ओळखू आलं होतं. मी पास झाले होते, आणि त्याला उठायला लागलं नव्हतं. याहून चांगलं काही मला लिहून घडवता आलं नसतं.

"आई, मी जरा यांच्याबरोबर नदीकडे जाऊन येतो," तो म्हणाला. मागे पाचसहा पोरं उभी होती, भोंगा, इस्त्री, सगळी. "उशीर होईल. वाट बघू नकोस."

"नाही बघत," मी म्हटलं. शाळेच्या सभागृहात, पोरांसमोर, त्यानं मला आई म्हटलं आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मी लक्षात आणून दिलं नाही. भोंगाच्या लक्षात आलं असावं, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय गं, त्याचा कागद तू बदललास की काय? तू रात्री वाचून दाखवलंस ते वेगळंच काहीतरी होतं." म्हणजे या माणसाला कळत होतं. मी म्हटलं, "ऐन वेळेला बदलला." "बरं केलंस," तो म्हणाला आणि संध्याकाळचं दुकान उघडायला गेला. मी चहा केला, प्यायले, कपबशी विसळली. मग काही काम नव्हतं. सामानाची पेटी त्याच्या खोलीत अर्धी भरून उघडी होती. मोज्यांचे जोड उलटेच गुंडाळलेले. मी ते सुलट केले नाहीत. ऊन भिंतीवरून सरकत खाली आलं. मी स्वयंपाकघरात उभी होते, वाट बघत नव्हते, नुसती उभी होते, आणि माझं अंग कित्येक महिन्यांत असं सैल झालं नव्हतं. तो जाणार होता. जाऊ दे. तिकडच्या जिन्यात कुणाला कळणार नाही, तर नाही कळणार. काही त्याचं त्याच्यापाशी राहील.

मग जिन्यात तो आला. आवाज काही नव्हता, रोजच्यासारखाच एकेक पायरी जपून चढत होता. मला खालच्या दाराशीच कळलं होतं. तो मधल्या वळणावर थांबला, माझी चाहूल घेत असणार. मी हात पुढे करून नळ सोडला, पूर्ण सोडला, आणि विसळलेली कपबशी परत विसळायला घेतली. पाणी धो धो पडत राहिलं. त्या आवाजात तो शेवटच्या चार पायऱ्या चढला, दार ढकललं, दप्तर ठेवलं आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"तुला कळलंच नाही मी आलो ते," तो म्हणाला. खूश होता.

"नाही रे," मी म्हटलं. "कधी आलास?"